मशेरी, सिगारेट, दारू: गरोदरपणात डॉक्टरांना काय सांगाल?

अँटॉप हिलच्या माझ्या दवाखान्यात एखादी गरोदर स्त्री पहिल्यांदा तपासणीला येते, तेव्हा मी वजन, रक्तदाब, शेवटच्या पाळीची तारीख लिहून घेतो आणि विचारतो, "तंबाखू, सिगारेट, दारू असं काही?" बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते. "छे हो डॉक्टर, तसलं काही नाही." बरीच वर्षे मी हे उत्तर जसेच्या तसे केसपेपरवर लिहीत आलो.

एकदा एक बाई दुसऱ्या खेपेला दिवस गेल्यावर आल्या. त्यांचे पहिले बाळ आठव्या महिन्यातच झाले होते, वजन दीड किलोच्या आसपास. कितीतरी दिवस ते काचेच्या पेटीत होते. या वेळी सोबत त्यांची जाऊ होती. निघता निघता ती म्हणाली, "हिची मशेरी तेवढी सोडवा डॉक्टर, दिवसातून पाच वेळा लावते." बाई एकदम चिडल्या. "मशेरी म्हणजे काय तंबाखू आहे का? दातांची आहे ती!" मी जुना केसपेपर काढून पाहिला. माझ्याच अक्षरात लिहिले होते: तंबाखू, नाही.

त्या खोटे बोलल्या नव्हत्या. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. पहिले बाळ मशेरीमुळेच लवकर झाले असे मी आज ठामपणे सांगू शकत नाही, कारण दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची कारणे अनेक असतात. पण एक कारण टाळता आले असते आणि ते टाळण्याची संधी मी दिली नाही, हे खरे आहे. तेव्हापासून मी नाव घेऊन विचारतो. हा लेख वाचताना तुम्हीही नाव घेऊनच आठवून पाहा.

तुमच्या घरात याला काय म्हणतात?

आमच्या भागात सातारा, कोल्हापूर, कोकणातून आलेली कुटुंबे आहेत, तशीच उत्तर प्रदेश, बिहारमधलीही आहेत. कोणाच्या घरी मशेरी असते, कोणाकडे तपकीर, कोणाकडे गुल किंवा खैनी. विदर्भातले लोक खर्रा खातात. पानात जर्दा किंवा किमाम घालणाऱ्या बायका "मी फक्त पान खाते" असे सांगतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक असते. ही सगळी तंबाखूचीच रूपे आहेत. गरोदर स्त्रीच्या रक्तात गेल्यावर निकोटिन आपण कोणत्या डबीतून आलो हे सांगत नाही.

मशेरीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण महाराष्ट्रात गरोदरपणातल्या तंबाखूचा खरा प्रश्न सिगारेटचा कमी आणि मशेरीचा जास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २१) राज्यातल्या सुमारे ११ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे दिसले. दारू पिणाऱ्या स्त्रिया एक टक्क्याहूनही कमी होत्या. तरी टीव्हीवर, सिनेमात, पोस्टरवर गरोदर बाईला सांगितले जाते ते सिगारेट ओढू नका असे. मशेरी लावणारी बाई ते पोस्टर वाचून "हे आपल्यासाठी नाही" असे समजून पुढे जाते.

तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटून पूड करायची, ही मशेरी. भाजल्याने तंबाखू "मरते" असा समज आहे, तो चुकीचा आहे. निकोटिन शिल्लक राहतेच, उलट भाजताना कर्करोगाला कारण ठरणारी नवी रसायनेही तयार होतात. भाजताना होणारा धूर दहा बाय बाराच्या खोलीत सगळ्यांच्या नाकात जातो, तो वेगळाच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून मनाई आहे. म्हणजे "दातांसाठी तंबाखू" ही गोष्ट कायद्यानेही मानलेली नाही. पण घरच्या तव्यावर कायदा पोचत नाही.

हिरडीची त्वचा पातळ असते आणि तिच्याखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. मशेरी बोटाने घासून पंधरा-वीस मिनिटे तोंडात ठेवली की निकोटिन सरळ रक्तात जाते. ते रक्तवाहिन्या आकसवते. बाळाला अन्न आणि प्राणवायू पुरवणारी वार म्हणजे मुळात रक्तवाहिन्यांचाच गुंता. तिथला पुरवठा कमी झाला की बाळाची वाढ मागे पडते. निकोटिन वारेतून पलीकडे बाळाच्या रक्तातही जाते. तंबाखूने आईची भूकही मरते. आधीच महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या गरोदर स्त्रियांना रक्त कमी असते. मुंबईतल्याच एका अभ्यासात तंबाखू वापरणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण आणखी जास्त आढळले होते.

मुंबईच्या १२१७ बायकांनी काय दाखवले

"आमच्या आईने, आजीने लावली, आम्ही झालोच ना?" हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकायला मिळतो. त्याचे सर्वांत चांगले उत्तर मुंबईतच मिळाले आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या या संशोधकांनी मुंबईत घरोघरी पाहणी करून तीन ते सात महिन्यांच्या १२१७ गरोदर स्त्रिया शोधल्या, प्रत्येकीची तंबाखूची सवय नोंदवली आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा मागोवा घेतला. तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये मशेरी लावणाऱ्याच जास्त होत्या. अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. १०५ ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे तुम्हाला वाटेल. सरासरीत हेच होते, काही बाळांना फारसे काही होत नाही आणि काहींवर सगळा भार येतो. तो भार पुढच्या आकड्यात दिसतो. ३२ आठवड्यांच्या आत, म्हणजे साधारण साडेसात महिन्यांच्या आत जन्मण्याची शक्यता तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये जवळपास पाच पट होती. २८ आठवड्यांच्या आत जन्मण्याची आठ पट. इतक्या लवकर आलेल्या बाळाची फुप्फुसे तयार नसतात, त्याला दूध ओढता येत नाही, अंगाची ऊब टिकवता येत नाही.

२००६ साली याच स्त्रियांच्या नोंदींवरून आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तो मी दवाखान्यात सहसा आकड्यांत सांगत नाही, पण इथे सांगतो. तंबाखू न वापरणाऱ्या शंभर स्त्रियांमागे सुमारे तिघींचे बाळ मृत जन्मले. वापरणाऱ्या शंभरांमागे सुमारे नऊ जणींचे. वय, शिक्षण, आर्थिक परिस्थिती यांचा हिशेब करूनही धोका अडीच पटींहून जास्तच राहिला.

आजीला आठ मुले झाली आणि पाच जगली, हे आपल्याकडच्या किती घरांत ऐकायला मिळते ते आठवून पाहा. न जगलेल्या तिघांची कारणे कोणी शोधली नव्हती.

सिगारेट, विडी आणि नवऱ्याचा धूर

ओढण्याच्या तंबाखूत निकोटिनच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड येतो. हा वायू रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. बाळाचे रक्त तर त्याला आईच्या रक्तापेक्षाही घट्ट धरून ठेवते. वजन कमी भरणे, दिवस भरण्याआधी प्रसूती, वार वेळेआधी सुटून रक्तस्राव होणे आणि जन्मानंतर झोपेत बाळ अचानक दगावणे, हे धोके वाढतात. "लाइट" सिगारेटने काही फरक पडत नाही. हुक्क्यातले पाणी धूर गाळत नाही. ई-सिगारेटवर आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहेच.

घरात कोणी ओढत असेल तर तो धूर गरोदर बाईलाही बाधतो. खिडकीत उभे राहून ओढणे पुरेसे नाही. जिन्यात नाही, पॅसेजमध्ये नाही, इमारतीच्या खाली जाऊन ओढा. ओढल्यावर हात, तोंड धुऊनच आत या. खरे तर नवरा-बायको एकत्र सोडतात तेव्हा दोघांचेही टिकते, हा माझा अनुभव आहे.

दारू: "थोडी चालते" हे कुठून आले?

दारूच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला बदलला आहे, हे कबूल करायला हवे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या दशकात कळा लवकर सुरू झाल्या तर त्या थांबवण्यासाठी परदेशांतल्या रुग्णालयांत शिरेतून अल्कोहोल देत असत. त्यामुळे एखाद्या सासूबाई म्हणाल्या की आमच्या वेळी डॉक्टरांनीच ब्रँडी सांगितली होती, तर त्या बाता मारत आहेत असे समजू नका. सांगितलीही असेल. पण १९७३ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी खूप दारू पिणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये एकसारखी लक्षणे दाखवून दिली: खुंटलेली वाढ, लहान डोके, बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, मंद बौद्धिक विकास. त्यानंतर वैद्यकशास्त्राने आपला सल्ला सुधारला. आज जागतिक आरोग्य संघटनेसकट सगळ्यांचे म्हणणे एकच आहे: गरोदरपणात दारूचे कोणतेही सुरक्षित प्रमाण माहीत नाही.

आईच्या रक्तातली दारू वार ओलांडून बाळापर्यंत जवळपास तेवढ्याच प्रमाणात पोचते. आईचे यकृत ती हळूहळू निकामी करते, बाळाचे यकृत ते करू शकत नाही. चेहऱ्याची ठेवण पहिल्या तीन महिन्यांत घडते, पण मेंदू नऊही महिने घडत असतो. म्हणून "तीन महिने झाले, आता धोका टळला" हे दारूला लागू नाही. चेहरा अगदी नेहमीसारखा असलेल्या मुलालाही पुढे शाळेत लक्ष न लागणे, गणित न जमणे, राग न आवरणे असे त्रास होऊ शकतात. हे नुकसान भरून निघत नाही.

बिअर आणि वाइन "दारूत धरत नाहीत" असे सांगणारे सुशिक्षित लोक मला भेटतात. हिशेब करून पाहा. ८ टक्के अल्कोहोल असलेल्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत जेवढे अल्कोहोल असते, तेवढे व्हिस्कीच्या ३० मिलीच्या चार पेगांत असते. ताडी, माडी ताजी असली तरी आंबलेली असते. आयुर्वेदिक आसव-अरिष्टांमध्ये आंबवण्याच्या क्रियेतून अल्कोहोल तयार होते. ती गरोदरपणात मनाने सुरू करू नका, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना दाखवा. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असते, म्हणून केमिस्टकडून घेताना गरोदर आहात हे आधी सांगा.

"कळायच्या आधी घेतली होती, आता काय?"

हा प्रश्न विचारायला लोक रात्री फोन करतात, बहुतेक लग्नसमारंभाचे दिवस सरल्यावर. पाळी चुकल्याचे लक्षात येण्याआधी एका-दोन प्रसंगी दारू घेतली असेल, तर बाळाला नक्की इजा झाली असे नाही. बहुतेक अशी बाळे धडधाकट जन्मतात. केवळ तेवढ्या कारणाने गर्भपाताचा विचार करू नका आणि कोणी घाईने तसा सल्ला दिला तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. आज थांबा, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा आणि झालेले डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी सगळ्यांनीच करायची असते, तुम्हीही करा. ती नॉर्मल आली म्हणून पुढे प्यायला हरकत नाही असा अर्थ मात्र काढू नका. मेंदूच्या कामकाजातले सूक्ष्म बदल सोनोग्राफीत दिसत नाहीत.

तंबाखूच्या बाबतीत थोडी दिलासा देणारी गोष्ट आहे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या अभ्यासात (२००९), पंधराव्या आठवड्याच्या आत सिगारेट सोडलेल्या स्त्रियांना मुदतपूर्व प्रसूतीचा धोका सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रियांइतकाच आढळला. सातव्या महिन्यात सोडली तरीही फायदा होतो, कारण बाळाचे वजन सर्वांत जास्त शेवटच्या तीन महिन्यांतच वाढते.

सोडायचे कसे

"एकदम सोडली तर बाळाला धक्का बसेल" असे सांगून हळूहळू कमी करण्याचा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. तंबाखूच्या बाबतीत हे खरे नाही. एकदम सोडल्याने बाळाला अपाय होत नाही. त्रास आईला होतो: डोके दुखते, चिडचिड होते, झोप उडते, पहिले तीन-चार दिवस फार जड जातात आणि दोन ते चार आठवड्यांत सगळे निवळते.

मशेरी सोडणाऱ्यांची मुख्य तक्रार असते की ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. ही तक्रार खरी असते, कारण निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते आणि शरीराला त्याची सवय झालेली असते. त्यात लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतेच. म्हणून सोडण्याच्या दिवसापासूनच सकाळी कोमट पाणी, पालेभाज्या, भिजवलेले मनुके सुरू करा, आणि गरज पडली तर डॉक्टरांकडून गरोदरपणात चालणारे औषध घ्या. पोटाचा प्रश्न सुटला की निम्मी लढाई संपते. मळमळीसाठी मशेरी लावत असाल तर मळमळीची सुरक्षित औषधे आहेत, ती मागा. तोंडात काही हवेसे वाटले तर बडीशेप, लवंग, वेलची चालेल. सुपारी नको. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे आणि बाळाच्या वजनावर परिणाम करते. घरातली मशेरीची डबी लपवू नका, फेकून द्या. लपवलेली डबी रात्री दोन वाजता बरोबर सापडते.

निकोटिनची च्युइंगगम केमिस्टकडे मिळते, पण गरोदरपणात ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. तंबाखू सोडवण्याच्या इतर गोळ्या या काळात सहसा देत नाहीत. केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. तंबाखूच्या पाकिटांवरही हा नंबर छापलेला असतो.

रोज आणि भरपूर दारू पिणाऱ्या स्त्रीची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे कृपया नीट लक्ष द्या. अशा स्त्रीने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. हात थरथरणे, घाम, भ्रम, फिट येणे असे प्रकार होऊ शकतात आणि ते आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततात. तिला रुग्णालयात दाखल करून, औषधांच्या आधाराने दारू सोडवावी लागते. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. "न सांगता जेवणात मिसळा, दारू सुटेल" अशा जाहिरातींच्या पुड्या तर कोणालाच देऊ नका, गरोदर बाईला मुळीच नाही. आत काय आहे ते कोणी सांगत नाही.

घरच्यांसाठी

तपासणीला आलेल्या बाईबरोबर सासू किंवा नवरा असला तर मी एखादे निमित्त काढून त्यांना पाच मिनिटे बाहेर बसवतो. वाईट वाटून घेऊ नका. सासूसमोर सून सिगारेटचे सांगणार नाही आणि आईसमोर लेक बिअरचे सांगणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी असे केले नाही, तर तुम्हीच म्हणा, "मला एकटीने बोलायचे आहे." तुम्ही सांगितलेले घरच्यांना सांगायचे नाही, हे डॉक्टरांवर बंधन आहे. आणि खरे सांगितल्यावर डॉक्टर तुमच्यावर ओरडले, तर दोष डॉक्टरांचा. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाकडे जा, पण तिथेही खरेच सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मोफत असते, तिथेही हे बोलता येते.

डोहाळे पुरवावेत हे मान्य. चिंच, कैरी, पाणीपुरी, काय हवे ते आणा. "तिला मशेरीचेच डोहाळे लागलेत" हे ऐकून मात्र मी हसतो आणि नाही म्हणतो. तो डोहाळा नाही, ती निकोटिनची तलफ आहे.

ज्यांनी मशेरी किंवा तंबाखू वापरली आहे त्यांनी अठ्ठावीस आठवड्यांनंतर बाळाच्या हालचालीकडे अधिक लक्ष द्यावे. हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, रक्त गेले, पाणी गेले, पोट राहून राहून घट्ट होऊन दुखू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आमच्या भागातून शीव रुग्णालय जवळ आहे, परळला केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह आहे. जिथे नाव नोंदवले असेल तिथे जा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

सुरुवातीला ज्या बाईंबद्दल लिहिले, त्यांनी पाचव्या महिन्यात मशेरी सोडली. दोनदा पुन्हा लावली आणि दोन्ही वेळा येऊन सांगितले. बाळ अडतिसाव्या आठवड्यात झाले, २ किलो ६०० ग्रॅमचे. नंतर त्या माहेरी गेल्या आणि मला खरी काळजी तेव्हा वाटली. बाळंतिणीला माहेरी आराम असतो, लाड असतात आणि घरात आईची मशेरी असते. गरोदरपणात तंबाखू सोडलेल्या अनेकजणी बाळंतपणानंतर पुन्हा सुरू करतात, ते बहुतेक अशाच वेळी. तेव्हा माहेरच्यांना आधीच फोन करून सांगा.

निकोटिन आणि दारू दोन्ही आईच्या दुधात उतरतात. तरीही, मशेरी सुटली नाही म्हणून बाळाचे दूध तोडू नका. अंगावरचे दूध द्याच, फक्त तोंड धुऊन, मशेरी आणि पाजणे यांत जास्तीत जास्त अंतर ठेवून द्या आणि सोडण्याचा प्रयत्न चालू ठेवा. दारू घेतली असेल तर दर ३० मिलीच्या पेगामागे निदान दोन तास थांबून मगच पाजा, दूध पिळून टाकल्याने दारू लवकर उतरत नाही. आणि आईने किंवा वडिलांनी, कोणीही दारू किंवा सिगारेट घेतली असेल त्या रात्री बाळाला आपल्या अंथरुणात घेऊन झोपू नका, शेजारी वेगळे झोपवा.